‘कळवते’ म्हणालात ना? मग कळवा

२ एप्रिलला सकाळी सव्वानऊला बँकेचा जिना चढत असताना मेसेज आला. ‘मार्च संपला! आता सांगा, कधी भेटायचं?’ आणि पुढे एक हसरा चेहरा.

पाठवणारा नाशिकचा. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही एकदा पुण्यात भेटलो होतो, डेक्कनवर, इराण्याकडे, दीड तास. माणूस सरळ होता. वेटरशी नीट बोलला, बिलावरून झटापट केली नाही. तरी हे आपल्याला पुढे न्यायचं नाही हे मला बनमस्का संपायच्या आत कळलं होतं. उठताना मी म्हणाले, ‘कळवते.’ दोन दिवसांनी कळवलं ते असं: ‘सध्या मार्च एंड आहे, बँकेत मान वर करायला वेळ नाही.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मार्च होता, मान खरंच खाली होती. पण ज्या कामासाठी मी ते वाक्य वापरलं ते काम खोटं होतं, आणि त्याने ते खरं धरून महिना मोजला. १ एप्रिलला बँका वर्षअखेरीच्या हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात. तो एक दिवससुद्धा सोडून त्याने २ तारखेला लिहिलं होतं.

मी ३४ वर्षांची. कर्वेनगरात वन बीएचकेमध्ये एकटी राहते, आईबाबा साताऱ्याला. विवाहसंस्था, मावशीच्या ओळखी आणि मोबाइलवरची दोन ॲप, या तिन्ही वाटांनी मिळून सहा वर्षांत चाळीसेक जणांना भेटले असेन. नकार दिले, त्याहून जास्त घेतले, आणि घेतलेल्यांतले निम्मे तर नकार म्हणून आलेच नाहीत. नुसतं बोलणं बंद झालं. इंग्रजीत याला ‘घोस्टिंग’ म्हणतात, २०१७मध्ये तो शब्द मेरियम-वेबस्टरच्या कोशातही गेला. आपल्याला नवा शब्द लागला नाही. ‘कळवतो’ होताच.

खाली लिहिली आहे ती नकार कळवायची कृती. त्या एप्रिलनंतर बसवली, दोन-तीनदा बिघडली, आता बरी जमते. होकाराची कृती मी लिहिणार नाही. माझा तेवढा अनुभव नाही, आणि होकार कळवायला घरचे टपलेलेच असतात.

भेटीची रात्र

घरी आल्यावर आधी जेवा. गमतीने लिहीत नाही. पहिली भेट बहुतेक कॉफीची असते, संध्याकाळी सहा ते साडेसात, आणि स्कूटर पार्किंगला लावेपर्यंत पोटात कावळे ओरडत असतात. एकट्या माणसाच्या घरात तयार काही नसतं. अशा वेळी भेटलेला माणूस एक तर उगाच वाईट वाटायला लागतो, नाहीतर ‘तसं काय वाईट आहे त्याच्यात’ असं होऊन जातं. दोन्ही मतं पोटाची. अर्धी वाटी तांदूळ, मूठभर मूगडाळ, अडीच वाट्या पाणी, हळद, मीठ. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत.

जेवण झालं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: पुढच्या शनिवारी याच माणसाला पुन्हा भेटायचंय असं कुणी सांगितलं तर कसं वाटेल? पगार, उंची, फ्लॅटचा हप्ता, नॉनव्हेज खातो का, हे सगळं बायोडेटा हातात होता तेव्हाच बघून झालेलं असतं. ते या रात्री परत काढायचं नाही. शनिवारच्या कल्पनेने बरं वाटलं तर पुढचं वाचायची गरज नाही. कंटाळा आला तर उत्तर मिळालं. ‘कळत नाही’ असं आलं, तर दुसऱ्या दिवशी तेच समोरच्याला जसंच्या तसं सांगा: ‘मला अजून नीट कळलेलं नाही, आणखी एकदा भेटून बघू या का?’ हे प्रामाणिक उत्तर आहे आणि ते ऐकून कुणी चिडल्याचं मला आठवत नाही. मात्र एका माणसाच्या बाबतीत ते एकदाच वापरायचं. दुसऱ्या भेटीनंतरही कळत नसेल तर कळलेलं आहे.

रात्री काहीही पाठवायचं नाही. ‘पोचले’ एवढं चालेल, तेही त्याने विचारलं तर.

दुसरी सकाळ

चहा घेताना तोच प्रश्न पुन्हा. उत्तर तेच आलं की घड्याळ सुरू झालं. माझी मुदत भेटीपासून ४८ तासांची.

बँकेत एखाद्या रकमेचं खातं लागत नसेल तर ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. पहिले चार दिवस ती कुणाच्या तरी लक्षात असते. महिन्याने कुणाच्याच लक्षात नसते, आणि ऑडिटर आला की नेमकी तीच बाहेर निघते. स्थळांचं अगदी असंच होतं. फरक एवढाच की तिथे पडून राहिलेला जिवंत माणूस असतो. स्थळ एका वेळी एकच पुढे न्यायचं अशी अनेक घरांत अजून रीत आहे. तुम्ही ‘कळवते’ म्हणून विसरून जाता आणि तिकडे दुसऱ्या कुणाच्या तरी घरचे पोहे थांबलेले असतात.

४८ तास उलटून गेले तर? उशिरा कळवा, पण कळवा, आणि उशीर का झाला ते लिहीत बसू नका. महिन्यापर्यंत चालतं. त्यानंतर मात्र गप्प राहावं असं माझं मत आहे. दीड वर्षाने रात्री अकराला ‘तेव्हा मी उत्तर दिलं नाही, मनाला लागून राहिलंय’ असा मेसेज मला एकदा आला होता. त्याचं मन हलकं झालं असेल. मला मात्र चेहरा आठवायलाच पाच मिनिटं लागली, आणि आठवल्यावर पुन्हा राग आला.

कुणी, कशावरून

ॲपवर दोन-चार दिवस नुसत्या गप्पा झाल्या असतील तर वेगळा निरोप लागत नाही; त्या विरल्या तर दोघंही समजून घेतात. फोनवर तासभर बोललात तर एक ओळ लागते. समोरासमोर भेटलात तर नीट लिहिलेला मेसेज. तीन-चार भेटी झाल्या असतील तर फोन करून, तोंडाने. आणि महिनोन्‌महिने चाललं असेल, एकमेकांची दुखणीखुपणी ठाऊक झाली असतील, तर भेटून; दिवसाउजेडी, आणि अशा जागी की जिथून दोघांनाही आपापलं उठून जाता येईल. गाडीत नको. माझ्या एका मैत्रिणीला हे एक्स्प्रेसवेवर, लोणावळ्याच्या अलीकडे ऐकवलं गेलं. पुढे वाशीपर्यंत ती त्याच्याच शेजारी बसून होती. मध्ये फूड मॉलला गाडी थांबली तेव्हा त्याने वडापाव हवा का म्हणूनही विचारलं.

स्थळ आईवडिलांमार्फत आलं असेल तर नकारही त्यांच्यामार्फतच जावा, असा जुना संकेत आहे. मी तो अर्धा मोडते. भेटलो आम्ही दोघं, तेव्हा त्याला आधी माझ्याकडून कळतं. त्याच दिवशी, तासा-दोन तासांनी, आई त्याच्या आईला फोन करते. उलट झालं तर त्या मुलाला स्वतःचा नकार आमटी वाढता वाढता आईकडून कळतो.

मजकूर

चार वाक्यं पुरतात. पहिल्यात भेटीतली एखादी खरी गोष्ट, म्हणजे निरोप त्यालाच लिहिलाय हे दिसतं. दुसऱ्यात निर्णय, आणि तो ‘मला’ने सुरू व्हावा. तिसऱ्यात व्यवहाराचं काही राहिलं असेल तर ते: घरचे फोन कधी करतील, घेतलेलं पुस्तक परत कसं करायचं. चौथ्यात निरोप.

स्थळासाठी मी असं लिहिते:

‘नमस्कार. परवा तुम्ही नाशिकच्या घराच्या अंगणाबद्दल सांगितलंत ते लक्षात राहिलं. मी विचार केला, मला लग्नाच्या दृष्टीने हे पुढे न्यायचं नाही. आई संध्याकाळी तुमच्याकडे फोन करेल, त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. तुम्हाला मनापासून शुभेच्छा.’

ॲपवर भेटलेल्याला:

‘हाय. शनिवारी तुझे ट्रेकचे किस्से ऐकून खूप हसले. पण मला आपल्यात तसं काही वाटलं नाही, त्यामुळे पुन्हा भेटायचं नाही असं मी ठरवलंय. तुला वाट बघायला लागू नये म्हणून लगेच सांगते. मजेत राहा.’

यात कारण कुठेय, असं तुम्ही विचाराल. मुद्दाम घातलेलं नाही. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो, आणि त्यात त्याची चूक नसते. आपणच त्याला गणित घालून दिलेलं असतं. ‘मार्च एंड आहे’ हे सोडवायला फक्त एप्रिल लागतो. ‘नाशिक लांब पडतं’ म्हटलं तर तो बदलीचा अर्ज करतो. ‘मी अजून लग्नाला तयार नाही’ म्हटलं तर तो म्हणतो, घाई नाही, थांबतो. चांगला माणूस असेल तर जास्तच थांबतो.

आपल्याकडचं सर्वांत जुनं आणि सभ्य खोटं म्हणजे ‘पत्रिका जुळत नाही’. पोस्टकार्डाच्या काळात ते चालून जायचं. कार्डावर ‘योग नाही’ एवढे दोन शब्द आले की दोन्ही घरं समजून जायची, दोष ग्रहांवर जायचा आणि पुढच्या मुंजीत सगळे एकमेकांशी नीट बोलायचे. मला त्या सोयीबद्दल आदर आहे. पण आता ती मोडली. गुणमेलन ३६ गुणांचं, १८ जुळले की बहुतेक घरं पुढे जातात, आणि ३६ पैकी ८ गुण एकट्या नाडीचे. हे कोष्टक पंचांगात असतंच, आणि मोबाइलवर दोघांच्या जन्मवेळा टाकल्या की मिनिटात उत्तर निघतं. आईने एकदा एका घरी ‘एकनाड येतेय हो’ असं सांगून टाकलं. संध्याकाळी तिकडून फोन आला. आमच्या गुरुजींनी बघितलं, नाडी वेगळी आहे, साडेसव्वीस गुण जुळतात, कधी येताय? आईने न बोलता फोन माझ्या हातात दिला.

मजकूर लिहून झाला की काही शब्द शोधून खोडायचे. सध्या. तूर्तास. अजून. बहुतेक. यांतला ‘सध्या’ सर्वांत वाईट, त्यात पुढची तारीख दडलेली असते. ‘घरचे नको म्हणतात’ हेही खोडा. खरं असलं तरी खोडा, नाहीतर तो घरच्यांना पटवायला चितळ्यांची बाकरवडी घेऊन दारात उभा राहतो. ‘तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली मुलगी मिळेल’ हे वाक्य मुलाच्या रूपात मला पाच-सहा वेळा मिळालंय, आणि दर वेळी वाटलंय, पत्ताही द्या ना. हात जोडलेला इमोजी नको. काहींना तो नमस्कार वाटतो, काहींना विनवणी आणि काहींना श्रद्धांजली.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ सांभाळा. भेटीत ‘तू’वर आला असाल तर नकारातही ‘तू’च. मधेच ‘आपणांस कळवू इच्छिते’ सुरू केलंत तर तो वकिलाच्या नोटिशीसारखा वाचला जातो.

पाठवताना

दुपारच्या जेवणानंतर ते संध्याकाळी सातपर्यंतची वेळ मला बरी वाटते. सकाळी माणूस गाडी चालवत असतो. रात्री दहानंतर पाठवलेला नकार तो अंथरुणात वाचतो आणि बारा वाजता उत्तर लिहितो. ते उत्तर दोघांच्याही कामाचं नसतं. त्याच्या वाढदिवशी किंवा इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी नको, पण या सबबीवर एका दिवसापेक्षा जास्त ढकलू नका.

जुना मजकूर उचलून चिकटवायचा मोह होतो. चिकटवलात तर नाशिकचं अंगण नगरच्या माणसाला जातं. मी हे केलेलं आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पुसताही येतो, पण पुसल्याची खूण मागे राहते आणि ती खूण नकारापेक्षा जास्त छळते. तेव्हा पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा, आणि वर नाव कुणाचं आहे ते बघा.

खुणा निळ्या झाल्या की आपलं काम संपलं. त्याने उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही.

आई

सर्वांत जास्त वेळ इथे जातो.

‘खटकलं काय पण?’

‘काही खटकलं नाही.’

‘मग?’

या ‘मग’ला उत्तर नाही, आणि ते शोधायला गेलं की शेवटी एखादं बनवलं जातं: त्याचे दात, त्याची बहीण, त्याच्या हसण्याचा आवाज. ते बनवलेलं कारण आईला पटत नाही, कारण ती लगेच म्हणते, तुझ्या बाबांचं हसणं काय फार सुरेल होतं का? म्हणून क्रम पाळा. मेसेज आधी त्याला, मग फोन आईला, आणि वाक्य भूतकाळात: ‘मी नाही म्हणून कळवलंय.’ भविष्यकाळात सांगितलंत तर वाटाघाटी सुरू होतात.

आईने तिकडे काय बोलायचं तेही लिहून द्यायचं. आमच्या घरी ते कालनिर्णयच्या पानामागे, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली लिहिलेलं असतं: ‘मुलं एकमेकांशी बोलली आहेत. आमच्या मुलीला पुढे जायचं नाहीये. तुमची ओळख झाली, आनंद वाटला.’ पहिल्यांदा आईने हे शब्दशः वाचलं. मग तिकडून कुणी काही बोलेना, आणि आईला ती शांतता सोसेना. ‘तसं पत्रिकेचंही जरा होतंच,’ ती म्हणाली. वाक्य संपल्यावर थांबायचं हे तिला जमायला वर्ष गेलं. मलाही फार आधी जमत नव्हतं.

मध्यस्थ मावशीला त्याच दिवशी एक ओळ, कारणाशिवाय. मावशीला सांगितलेलं कारण पुढच्या लग्नसराईत तीन कार्यालयं फिरून आपल्याकडे परत येतं.

‘का?’ असं विचारलं तर

निम्म्यांहून जास्त जण विचारत नाहीत. विचारलं तर आधी बघायचं, खरं कारण नक्की कोणत्या जातीचं आहे.

काही कारणं व्यवहाराची असतात: त्याला कॅनडाला जायचंय आणि मला नाही, मला मूल नको आणि त्याला हवंय, तो तंबाखू खातो. ही सरळ सांगा, पुढच्या भेटीत त्याच्या उपयोगी पडतात. काही वागण्याची असतात. ती फक्त विचारल्यावर, एकच, आणि घडलेल्या प्रसंगासकट सांगायची. मला एकाने असं सांगितलं होतं: ‘तुम्ही मला एकही वाक्य पूर्ण करू दिलं नाहीत.’ दोन दिवस संताप झाला. मग काउंटरवर स्वतःकडे लक्ष ठेवलं. ग्राहक ‘मला एफडी’ एवढंच म्हणायचा आणि पुढचं सगळं, मुदत, व्याजाचा दर, नॉमिनी, मीच बोलून मोकळी. त्या माणसाचे मी आभार मानायला हवे होते. मानले नाहीत.

उरलेली कारणं कुणाच्याच हातातली नसतात. उंची, आवाज, चेहरा, किंवा नुसतंच काही हललं नाही. ही तोंडातून काढायची नाहीत. ‘एखादं कारण काढून दाखवता येणार नाही, पण माझं ठरलंय’ एवढं म्हणा. हे खोटंही नाही. दीड तासात माणूस का आवडला नाही हे आपल्याला तरी कुठे नीट माहीत असतं?

उत्तर एकदाच द्यायचं. दुसऱ्या ‘पण का’ला फक्त ‘माझं उत्तर तेच आहे’.

तरीही मेसेज येत राहिले तर

एवढ्यानंतरही कुणी लिहीत राहिला, नंबर बदलून फोन करू लागला, बँकेच्या दारात दिसू लागला, तर ही कृती तिथेच सोडा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, घरात आणि ऑफिसात एकेकाला सांगा. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुरुषाने पुनःपुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कलमाला नकाराचं कारण लागत नाही, नकार स्पष्ट असावा लागतो. ‘सध्या मार्च एंड आहे’ हा स्पष्ट नकार आहे असं पोलिसांना पटवताना माझी पंचाईत झाली असती. लगेच धोका वाटला तर ११२. ज्याच्याबरोबर पहिल्याच भेटीत भीती वाटली, त्याला चार वाक्यांचं देणंही लागत नाही. ब्लॉक करा.

आणि चार दिवसांच्या गोड गप्पांनंतर कुणी पैसे मागितले, कुठे तरी गुंतवायला सांगितले, तर तो डेटिंगचा विषय नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

वाट बघणारे आपण असू तेव्हा

‘कळवतो’ असं ऐकून चार दिवस झाले की मी एक मेसेज पाठवते: ‘शनिवारनंतर काही कळलं नाही, तेव्हा नाही असं धरते. तसं नसेल तर सांगा.’ टोमणा नको, प्रश्नचिन्हही नको. आतापर्यंत नऊ जणांना पाठवला असेल. सहा जणांचं उत्तर तासाभरात आलं, आणि बहुतेकांचा सूर सुटल्यासारखा होता. त्यांनाही ते खुपत होतंच, सुरुवात कशी करायची ते सुचत नव्हतं. दोघांनी उत्तर दिलं नाही. एकाला डेंग्यू झाला होता. त्याच्याशी पुढे दोनदा भेट झाली, आणि मग त्याने नीट, चार ओळींत, नकार दिला.

नकार आला की उत्तर एवढंच: ‘कळवल्याबद्दल धन्यवाद. शुभेच्छा.’ त्या रात्री ‘का’ विचारायचं नाही. दोन दिवसांनीही विचारावंसं वाटलं तर विचारा, पण येईल ते ऐकायची तयारी ठेवून. तो शेवटचा कधी ऑनलाइन होता ते बघणं बंद. मी त्याचं संभाषण अर्काइव्हमध्ये टाकते. डिलीट केलं की नंबर पाठ आहे हे लक्षात येतं.

रविवार

दिलेला नकार मोडतो तो रविवारी, संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान. आठवडाभर एकटं राहण्यात काही वाटत नाही. ऑफिस असतं, दमून यायचं, झोपायचं. रविवारी दुपारची झोप लांबते, उठल्यावर घरात दिवे लावायचे राहिलेले असतात, खालच्या मजल्यावरून कुणाच्या तरी घरच्या पाहुण्यांचा गलका येत असतो. अशा वेळी आपण ज्याला नको म्हटलंय त्यालाच ‘काय चाललंय?’ असं लिहिलं जातं. तो बिचारा पाच मिनिटांत उत्तर देतो. सोमवारी सकाळी आपल्याला ते संभाषण नकोसं होतं आणि आता दुसऱ्यांदा नाही म्हणायची पाळी येते, ती पहिल्यापेक्षा अवघड.

याचा बंदोबस्त आधीच करून ठेवायचा. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. आठवड्याचे पाच कुर्ते इस्त्रीला. मंडईतून आणलेली मेथी निवडायला मी मुद्दाम याच वेळेला ठेवते. निवडलेल्या मेथीचे हात फोनला लावता येत नाहीत. मेथी नसेल तर लसूण सोला. फारच झालं तर अशा मैत्रिणीला फोन लावा जिने त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, म्हणजे विषय निघत नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत फोनमधली नावंही आवरते. ‘मावशीचा इंजिनिअर’, ‘ॲप ट्रेकवाला’, ‘सांगली दुसरे’. नकार झाला, वर्ष गेलं, की नंबर काढायचा. ‘नाशिक स्थळ २’ मात्र अजून आहे.

२ एप्रिलच्या त्या मेसेजला मी जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहिलं होतं. चार वाक्यं तेव्हा बसलेली नव्हती, अकरा झाली. मार्च एंडचं निमित्त होतं, मला फेब्रुवारीतच माहीत होतं, ते तेव्हाच सांगायला हवं होतं, असं सगळं. संध्याकाळी साडेचारला त्याचं उत्तर आलं.

‘ठीक आहे. मार्चमध्ये दोन ठिकाणी नंतर कळवतो म्हणून सांगितलं होतं, त्यांना आता विचारतो. राग नाही. फक्त आईला काय सांगू ते बघतोय. ती महिनाभर रोज विचारायची, त्या मुलीचं क्लोजिंग झालं का रे?’